घोट्याजवळची कड

एका महिन्यात तिसऱ्यांदा अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली, तेव्हा आमच्या हेडक्लार्क बाई काही बोलल्या नाहीत. नुसती सही केली. त्यांनी काही विचारलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

मी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते आणि राहते देवळाली कॅम्पला. जायला दोन बस, यायला दोन बस. दीड वर्षाची असताना माझ्या डाव्या पायाला पोलिओ झाला. तेव्हापासून गुडघ्याखाली काही ना काही बांधूनच मी चालत आले आहे. लहानपणी लोखंडी सळ्यांचा आणि चामड्याच्या पट्ट्यांचा कॅलिपर होता. आता पांढऱ्या जाड प्लॅस्टिकचा स्प्लिंट असतो. पोटरीच्या मागून खाली उतरतो, टाचेला वळसा घालून तळव्याखाली जातो. वर बूट आणि सलवार असली की नवख्या माणसाला कळतही नाही.

त्या महिन्यात स्प्लिंट नवा होता आणि त्याची कड घोट्याच्या बाहेरच्या हाडाला घासत होती. सोमवारी लाल व्हायचं, बुधवारी साल निघायचं, शुक्रवारी मोजा चिकटायचा. स्प्लिंट बनवणारे टेक्निशियन आठवड्यातून एकदाच नाशिकला बसतात, तेही सकाळच्या वेळात. बाहेर बाकावर रांग असते. माझा नंबर आला की ते स्प्लिंट हातात घ्यायचे, आतल्या खोलीत मोठ्या मशीनवर कड घासून आणायचे आणि म्हणायचे, "बघा मॅडम, आता." दोन पावलं टाकून काय कळणार? तिथे बरं वाटायचं. दुसऱ्या बसमध्ये चढताना कळायचं की अजून जरासं राहिलंय.

तिसऱ्या खेपेला मी लक्ष देऊन ऐकलं. आतलं मशीन सुरू झालं आणि बंद झालं, त्यात अर्धं मिनिटसुद्धा गेलं नसेल. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी दोन तास बसले होते.

ते बाहेर आल्यावर मी विचारलं, "असं छोटं मशीन घरी ठेवता येतं का हो?"

ते हसले, पण चेष्टेनं नाही. "मिळतं ना. मिनी ग्राइंडर म्हणतात, कोणी रोटरी टूल म्हणतात. दागिनेवाले वापरतात, मूर्तीवाले वापरतात. पण मॅडम, हे प्लॅस्टिक आहे. जोरात फिरलं की घासलं जात नाही, वितळतं. मग कडेला गोळे धरतात."

"मग हळू फिरणारं घ्यायचं?"

"हळू फिरणारं," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. ते शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत. एखादी वस्तू घ्यायची ठरली की आमच्याकडे ती लगेच येत नाही, आधी तिचा अभ्यास होतो. प्रेशर कुकरचाही झाला होता. आठ दिवस ते फोनवर व्हिडिओ बघत होते. कोणी लाकडात फुलं कोरतंय, कोणी टाइलला भोक पाडतंय, कोणी गंजलेला खिळा कापतोय. प्लॅस्टिकचा स्प्लिंट घासणारा त्यात एकही नव्हता. मग त्यांनी जुन्या वहीच्या पानावर उभ्या रेघा मारल्या आणि तीन रकाने केले. पहिला बॅटरीवर चालणारा. दुसरा वायरचा, मोठा, नावाजलेल्या कंपनीचा, दणकट मोटर. तिसरा वायरचाच, धाकटा, कमी ताकदीचा, मोटरला जोडायची लांब वळती नळी आणि तिच्या टोकाला पेनासारखी मूठ असलेला.

"बॅटरीवाला सगळ्यात सोयीचा," ते म्हणाले. "वायर पायात यायला नको."

"मी ते काम करताना माझ्या पायात स्प्लिंट नसणार," मी म्हणाले.

त्यांना पटकन कळलं नाही. मग कळलं. स्प्लिंट हातात असला म्हणजे तो पायात नाही. पायात नसला की मी बसल्या जागेवरून उठू शकत नाही, निदान भिंत धरल्याशिवाय नाही. अर्ध्या कामात बॅटरी संपली तर चार्जिंग होईपर्यंत मी तिथेच. वायरच्या मशीनचं तसं नाही. शेजारी एक्स्टेन्शन बोर्ड असला की झालं. बॅटरीच्या रकान्यावर त्यांनी स्वतःच काट मारली.

"मग मोठा घेऊ. घ्यायचं तर चांगलं घ्यावं. ह्याला ताकद बघ किती आहे."

"मला ताकद नको आहे. हळू पाहिजे."

"ह्याचा पण वेग कमी करता येतो."

"किती कमी?"

त्यांनी चष्मा वर केला आणि पानाकडे बघितलं. वेगाची ओळ त्यांनी घातलीच नव्हती.

शनिवारी आम्ही शहरात गेलो. मेन रोडच्या मागच्या गल्लीत हत्यारांची दुकानं आहेत. त्यातल्या एकाला तीन उंच पायऱ्या होत्या आणि धरायला काही नव्हतं. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून मी चढले. काउंटरमागचा दुकानदार चाळिशीचा असेल. माझ्या चालण्याकडे त्याने एकदा बघितलं आणि मग पूर्ण वेळ नवऱ्याकडेच बघून बोलला.

"बोला सर. काम काय आहे? लाकूड, लोखंड, टाइल?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"प्लॅस्टिक," मी म्हणाले. "जाड आहे. आणि काम माझं आहे."

"प्लॅस्टिकला सर हा घेऊन जा," त्याने मोठा ग्राइंडर काचेवर ठेवला. "डोळे मिटून घ्या. लाइफटाइम."

मी तो उचलला. हातात घेतल्यावर मनगट खाली गेलं. स्विच मागच्या बाजूला होता, तिथे बोट पोचवायला पकड सोडावी लागत होती. हे सगळं वहीच्या पानावर कुठे नव्हतं. तेवढ्यावरून तो नको म्हणणंही बरोबर झालं नसतं. म्हणून मी पिशवीतून एक तुकडा काढला. आमच्या माळ्यावर माझे जुने स्प्लिंट ठेवलेले असतात. त्यातला सगळ्यात जुना नवऱ्याकडून लोखंड कापायच्या करवतीने कापून घेतला होता. हाताच्या पंजाएवढा पांढरा तुकडा. त्याची कड मी दुकानदारापुढे धरली.

"ह्याच्यावर चालवून दाखवा."

त्याने तुकडा उलटसुलट करून बघितला. "हे कशाचं आहे?"

"माझ्या पायाचं."

त्यानंतर तो माझ्याशी बोलायला लागला.

मोठ्या ग्राइंडरला त्याने सँडपेपरची बारीक नळी लावली, वेगाचं चाक अगदी कमीवर आणलं आणि कडेला टेकवलं. दोन क्षण पांढरी भुकटी उडाली. मग जळका वास आला आणि कडेवर प्लॅस्टिकची झालर जमली. तो थांबला, नखाने झालर काढली, परत टेकवलं. परत झालर. वहीचं पान नवऱ्याने घडी घालून खिशात ठेवलं.

मग धाकटा. मोटर हुकला टांगलेली, खाली नळी, आणि नळीच्या टोकाला मूठ. मी म्हणाले, "मी धरते." दुकानदाराने स्टूल दिलं. वेग कमीवर ठेवून मी सँडपेपरची नळी कडेला लावली. आवाज मिक्सरपेक्षा कमी होता. भुकटी हळूहळू पडत राहिली, पिठासारखी. वास आला नाही. मग मी जरा दाबून बघितलं तर मशीन गुरगुरलं आणि थांबलंच.

"बघा ताई," दुकानदार म्हणाला, "आधीच सांगतो. हा कमजोर आहे. दाबला की थांबतो. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही."

"माझ्या कामाला थांबलेलाच बरा."

"मोटरच्या आतले कार्बन झिजतात ह्याचे. वर्षभराने बदलावे लागतील."

"मिळतात का इथे?"

"मिळतात."

"मग द्या."

त्याने वर एक गॉगल घ्यायला लावला, धूळ डोळ्यात जाते म्हणून. पायऱ्या उतरताना तो काउंटरमागून बाहेर आला आणि हात पुढे करून उभा राहिला. नवऱ्याचा खांदा होताच, मला गरज नव्हती, पण मी त्याचा हात धरला.

लगेच मी खऱ्या स्प्लिंटला हात लावला नाही. आधी दोन रविवार जुन्यांवर हात बसवला. नवऱ्याने माळ्यावरून ते काढून मागच्या ओट्यावर मांडले, लहानापासून मोठ्यापर्यंत. चामड्याचा एक पट्टाही त्यात सापडला. तो बघून मला आई आठवली. आई नामपूरकडची. लग्नानंतर कॅम्पात आली तरी घरात तिची बोली तीच राहिली. संध्याकाळी मी शाळेतून आले की कॅलिपर सोडायची आणि विचारायची, "दुखस का?" मी नाही म्हणायचे. ती ऐकायची नाही. कपड्यांची नीळ पाण्यात कालवून माझ्या घोट्यावर लावायची, परत पट्टा बांधायची, अंगणात चार पावलं चालवायची. चामड्याच्या आतल्या बाजूला जिथे निळा डाग उठायचा तिथेच पट्टा चावतो आहे हे तिला कळायचं. दुसऱ्या दिवशी तो पट्टा बाजारातल्या चर्मकारकाकांकडे जायचा. ते डाग बघून तेवढंच चामडं रापीने सोलायचे. बाकी कुठे हात लावायचे नाहीत.

मीही नीळ आणली. आमच्या दुकानात अजून मिळते. घोट्यावर लावली, मोज्याशिवाय स्प्लिंट चढवला, घरात दोन फेऱ्या मारल्या आणि काढला. पांढऱ्या कडेवर निळी रेघ उठली होती, माझ्या करंगळीच्या नखाएवढी. टेक्निशियन तीन खेपा घासत होते ती जागा तिथून बोटभर मागे होती. त्यांचा दोष नाही. मीच त्यांना बोट दाखवून "इथे कुठेतरी" म्हणत होते.

ओट्यावर पाट घेऊन बसले. डोळ्याला गॉगल, तोंडाला रुमाल. एक्स्टेन्शन बोर्ड उजव्या हाताशी. मोटर दाराच्या कडीला टांगली. नवरा दारात उभे होते.

"मी करू का?" त्यांनी विचारलं. सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होते.

"तुम्हाला घासून झाल्यावर कळणार नाही."

"तू सांगशील ना."

"तेच तर करत आले इतकी वर्षं."

हे मी चिडून म्हणाले नव्हते, पण ते आत गेले. मशीन सुरू केलं. मोजून पाच वेळा सँडपेपरची नळी टेकवली आणि उचलली. पाय घालून बघितला. परत काढला, परत तीन वेळा. मग सँडपेपरच्या तुकड्याने हातानेच कड गुळगुळीत केली. माझ्या पायाला जे लागायचं ते आजवर कोणीतरी मोजलं होतं, कोणीतरी कापलं होतं, आणि मी "बरं आहे" किंवा "दुखतंय" एवढंच सांगत आले होते. मांडीवरची पांढरी भुकटी झटकून मी स्प्लिंट पायात चढवला.

तो आठवडा साल निघालं नाही. पुढचाही नाही. रविवारी विहारात वंदनेला गेले तेव्हा बायकांबरोबर खाली बसले आणि मोज्यावरचा डाग दिसू नये म्हणून बूट न काढता दाराशीच बसायचं माझं नेहमीचं निमित्त त्या दिवशी सांगावं लागलं नाही.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. पण हातात हत्यार आलं की हाताला काम सापडतं. पोटरीजवळची वरची कड मला जाड वाटायला लागली. मी ती उतरवली. बोटांपाशी जरा कमी केलं. मग घोट्याच्या मागची वक्र जागा. तिथे काही दुखत नव्हतं, पण बूट चढवताना अडायचं. तीही घासली, एकदा नाही, तीनचार रविवार. दर वेळी थोडंसं. स्प्लिंट हलका झाला. मी बसमध्ये चढताना स्वतःवर खूष असायचे.

दोन-अडीच महिन्यांनी कॉलेजच्या जिन्यावर, खाली उतरताना, 'टक्' असा आवाज आला. कोणाच्या हातातली पट्टी मोडावी तसा. पाऊल आत वळलं आणि मी कठड्याला धरून पायरीवर बसले. पडले नाही. सलवार वर करून बघितलं तर घोट्याच्या मागून तिरकी चीर गेली होती, मी घासली होती बरोबर तिथून.

हेडक्लार्क बाई धावत आल्या. माझ्या शेजारी पायरीवरच बसल्या, पाणी दिलं. "कोणाला फोन करू?" मी नवऱ्याचा नंबर सांगितला. ते रिक्षाने येईपर्यंत त्या तिथेच बसून होत्या. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा माझ्या पायाबद्दल विचारलं, आणि मी सगळं सांगितलं, मशीनसकट.

रिक्षात मी म्हणाले, "बोला ना. तुम्ही सांगितलं होतं, मी करतो म्हणून."

"मी केलं असतं तर एवढं टिकलंही नसतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मोठा ग्राइंडर मला माझ्यासाठी पाहिजे होता. वाटलं, तुझ्यासाठी एक काम तरी माझ्या हातून होईल. तुझं सगळं तूच करतेस."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. हे त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. उतरताना मी नेहमीसारखा आधी रिक्षाचा दांडा शोधला नाही, त्यांचा हात धरला.

टेक्निशियनकडे जाताना मला शाळेत बोलावल्यासारखं वाटत होतं. त्यांनी मोडलेला स्प्लिंट खिडकीच्या उजेडात धरला. घोट्यावरच्या माझ्या पहिल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हे तुम्ही केलं?"

"हो."

"हे चांगलं आहे." मग मागची चीर बघितली. "आणि हे?"

"हेही मीच."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ड्रॉवरमधून लाल मार्कर काढला आणि मोडक्या स्प्लिंटवरच रेघ ओढली, घोट्याच्या मागून टाचेपर्यंत. "मॅडम, सगळं वजन इथून जातं. तुम्ही पाऊल टाकलं की प्लॅस्टिक इथे ताणलं जातं. जाडी इथे मुद्दाम ठेवतो मी. दुखत असेल तर ह्या रेघेच्या पुढे घासा. मागे नाही."

"हे आधी सांगायला पाहिजे होतं तुम्ही," मी म्हणाले.

"तुम्ही मशीन घेतलं हे तुम्ही सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

दोन्ही खरं होतं. पायाचं प्लॅस्टरचं माप परत घेतलं गेलं. नवा तयार होईपर्यंत मी माळ्यावरचा, त्याच्या आधीचा स्प्लिंट वापरला. तो सैल होता, दोन मोजे घालावे लागायचे. त्या तीन आठवड्यांत नवरा रोज बसस्टॉपपर्यंत येत होते. मी नको म्हणाले नाही.

नवा स्प्लिंट घ्यायला गेले तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या मागे, लाल रेघ आधीच ओढलेली होती. पुढची कड त्यांनी नेहमीपेक्षा जरा जास्त ठेवली होती.

"इथलं तुम्ही करा," ते म्हणाले. "तुम्हाला समजतं."

बाकावर बसलेल्या एका आजींनी विचारलं, ह्या बाई इथे कामाला आहेत का. ते म्हणाले, "नाही, पेशंट आहेत."

मोठा ग्राइंडरही आता घरात आहे. नवऱ्याच्या वाढदिवसाला मीच आणला. ते त्याने विळीला धार लावतात, गॅलरीच्या जाळीचा गंज काढतात. परवा शेजाऱ्यांच्या दाराची कडी बसत नव्हती, ती घासून दिली. आवाज कर्कश येतो. एक माणूस ओट्याच्या ह्या टोकाला आणि एक त्या टोकाला, अशी आमची रविवारची दुपार जाते. मधे एकच एक्स्टेन्शन बोर्ड आहे. त्याच्यावरून थोडं भांडण होतं.

नव्या स्प्लिंटला मी नीळ लावली, दोन रविवार घासलं. घोट्याचं जमलं आहे. करंगळीच्या बाजूला अजून जरासं टोचतं, संध्याकाळी जास्त. मशीन हाताशी आहे आणि ती जागा रेघेच्या पुढेच आहे, तरी मी अजून हात लावलेला नाही. कधी कधी प्लॅस्टिक तसंच राहतं आणि पायच सवय करून घेतो. अजून आठवडाभर बघणार आहे.